सेल्याचा ठोकळा

सेल्याचं कागदोपत्री नाव काय, हे त्यालाही आठवून सांगावं लागायचं. लहानपणी खिशात चौकोनी सेल घेऊन हिंडायचा आणि जिवंत आहे की मेलाय ते जिभेला लावून बघायचा, म्हणून थोरल्या भावाने त्याला सेल्या म्हणायला सुरुवात केली. पुढे केस गेले, चष्मा आला, गुडघे कुरकुरायला लागले, पण नाव काही सुटलं नाही.

रिमोटवर चालणाऱ्या गाड्यांच्या एका दुकानात मागच्या खोलीत तो कामाला होता. पुढे काउंटरवर विक्री चालायची आणि विकलेला ट्रक गिऱ्हाइकाच्या हातात पडण्याआधी मागे सेल्याच्या टेबलावर यायचा. त्यात एवढं करायचं काय, बटण दाबलं की ट्रक पळाला, असं ज्याला वाटत असेल त्याने एकदा दुकानदाराची नडगी बघून यावी. एका घाईच्या गिऱ्हाइकाने काउंटरवरचा ट्रक चालू ठेवून आधी रिमोटच बंद केला होता. धनी हरवलेला तो ट्रक असा सुटला की काउंटरवरून उडी मारून थेट दुकानदाराच्या पायावर आदळला. तेव्हापासून दुकानदार जरा लंगडतच बिलं करायचा आणि सेल्याच्या कामात नाक खुपसायचा नाही.

सेल्याचं सगळं काम एका लाकडी ठोकळ्याभोवती फिरायचं. ट्रकचं पोट ठोकळ्यावर टेकवायचं, म्हणजे चारही चाकं अधांतरी. मग आधी रिमोट चालू करायचा, नंतर ट्रक. बंद करताना उलटं, आधी ट्रक, मग रिमोट. रिमोटवरचं छोटं चाक उजवीकडे फिरवलं की ट्रकची पुढची चाकं उजवीकडेच वळतात ना, हे बघायचं. हात सोडला की ती सरळ होतात ना, हे बघायचं. फार वळवलं की आतली छोटी मोटर कण्हायला लागते. ती कण्हायच्या जरा अलीकडेच तिची हद्द आखून द्यायची. आणि सगळं मनासारखं झालं की शेवटची परीक्षा. चाकं गरगर फिरत असताना सेल्या मुद्दाम रिमोट बंद करायचा. चाकं जागच्या जागी थांबली तर ट्रक पास.

"रिमोट गेल्यावर काय करायचं, हे रिमोट असतानाच शिकवून ठेवावं लागतं," असं तो गिऱ्हाइकांना सांगायचा. ती घड्याळाकडे बघत माना डोलवायची. आणि ट्रक ठोकळ्यावर छान पळतोय म्हणून कुणी टाळ्या वाजवल्या, की म्हणायचा, "ठोकळ्यावर सगळेच शहाणे असतात. काय ते जमिनीवर कळतं."

थोरला भाऊ खरा ट्रक चालवायचा. मोठा, बारा चाकांचा. सगळं जग त्याला दादा म्हणायचं आणि त्याला ते शोभायचंही. दोघं एकाच घरात राहायचे, पुढच्या खोल्यांत दादा आणि वहिनी, मागच्या खोलीत सेल्या. जेवताना दादाचं ठरलेलं होतं. "आमच्या एका चाकाखाली तुझं अख्खं दुकान मावेल रे, मागच्या खोलीसकट." सेल्याने लग्न केलं नाही, त्यावरही तो सुटायचा. "ह्याला बायकोसुद्धा रिमोटवर चालणारी लागेल. आधी हा तिला ठोकळ्यावर बसवेल." वहिनी म्हणायची, "अहो, निदान जेवू तरी द्या भावजींना." सेल्या हसायचा. मनातून त्याला ती चेष्टा आवडायची, कारण दादा ज्याची चेष्टा करत नसे त्याची त्याला किंमतच नसे.

दादाची खरी ऐट होती ती गाडी मागे घेण्यात. गोदामाच्या यार्डात भिंतीला लागून दोन खांबांमध्ये अरुंद जागा होती, तिथे दुसरे ड्रायव्हर दहादा पुढेमागे करायचे, शिव्या खायचे आणि द्यायचे. दादा एका दमात गाडी लावायचा. यार्डाचा म्हातारा गेटवाला त्या भिंतीपाशीच खुर्ची टाकून बसायचा. इतर कुणी गाडी मागे घ्यायला लागलं की तो खुर्ची उचलून आधी लांब जायचा. दादा मागे घेत असला की बसल्या जागी डबा खात राहायचा. "दादा आहेत ना," म्हणायचा. दादाला मिळालेलं सगळ्यात मोठं बक्षीस ते.

आणि एके दिवशी सकाळी चहाचा कप दादाच्या उजव्या हातातून खाली पडला. त्याने कपालाच शिव्या घातल्या. मग शिव्याही नीट येईनात, तेव्हा वहिनीच्या लक्षात आलं. अर्धांगवायूचा झटका होता. दवाखान्यात जीव वाचला, बोलणं बरंचसं परत आलं, पण उजवी बाजू रुसली ती रुसलीच. पाय ओढत का होईना तो चालायला लागला. हात मात्र थरथरायचा, मुठीत काही ठरत नसे.

ट्रान्सपोर्टचे मालक भेटायला आले. माणूस वाईट नव्हता. म्हणाले, "दादा, तुझी गाडी मी दुसऱ्याच्या हातात कायमची देत नाही. बरा झालास की यार्डात ये, मला एकदा मागे घेऊन दाखव. चावी तुझी."

ते गेल्यावर दादा छताकडे बघत पडला. मग म्हणाला, "सेल्या, ती चावी नाही मिळाली ना, तर मला परत त्या दवाखान्यात सोडून या. आणि आणायला येऊ नका." थट्टेत म्हणाला असता तर बरं झालं असतं.

व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाई सांगून गेल्या होत्या की हाताला सतत काम द्या, आवडीचं काम द्या. सेल्याच्या डोक्यात तेव्हाच ट्रक आला. दुकानात कोपरा फुटलेला, शोकेसमधून उतरवलेला एक निळा ट्रक पडून होता. तो दुकानदाराकडून मागून घेतला आणि ठोकळ्यासकट घरी आणला.

"आता हेच बघायचं राहिलं होतं," दादा म्हणाला. "वाघाला मांजर आणून दिलंस."

"बघ तर खरं."

पलंगाशेजारी स्टूल ओढून त्यावर सेल्याने ठोकळा ठेवला, ठोकळ्यावर ट्रक. रिमोट दादाच्या हाती दिला. पिस्तुलासारखा रिमोट तो. डाव्या हातात धरायचा, डाव्या तर्जनीने खटका ओढला की ट्रक पुढे, ढकलला की मागे. कुशीला छोटं चाक, ते उजव्या हाताने फिरवायचं. दुखऱ्या हाताला अगदी हवं तेच काम. आधी रिमोट, मग ट्रक, असं सेल्याने सांगितलं तेव्हा दादा म्हणाला, "माहितीये, वर्षानुवर्षं ऐकतोय जेवताना." आणि शेवटी सेल्याने फिरत्या चाकांवर रिमोट बंद करून दाखवला. चाकं थांबली. दादाने नुसती मान हलवली.

मग ट्रक जमिनीवर आला आणि पंचाईत झाली. उजव्या हाताची थरथर होती तशी चाकांत उतरली. ट्रक दारुड्यासारखा झोकांड्या खात गेला, कपाटावर आपटला, परत आणला, पुन्हा आपटला. दादाचा चेहरा बघवेना. त्याने रिमोट पलंगावर टाकला आणि भिंतीकडे तोंड करून झोपला. संध्याकाळी जेवला नाही. वहिनी दारात उभी राहून सेल्याकडे बघत होती. 

सेल्या ट्रक मागच्या खोलीत घेऊन गेला आणि त्याने ते केलं. रिमोटमध्ये तशी सोय असते. छोटं चाक मधल्या जागेच्या आसपास कितीही हललं तरी ट्रकला ते कळूच नये, असं सांगता येतं. नवशिक्यांसाठी असतं ते. थोडं मोठं, ठाम वळण दिलं तरच ट्रक वळतो, तोही हळुवार. वरचा वेगही त्याने निम्म्यावर आणला. थोडेच दिवस ठेवायचं, मग रोज जरा जरा कमी करत न्यायचं, प्लॅस्टर काढतात तसं, असं त्याने स्वतःला सांगितलं. दादाला सांगितलं नाही. सांगितलं तर दादा त्याला हातही लावणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी ट्रक सरळ गेला. खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, रेघ मारल्यासारखा. दादाने रिमोटकडे पाहिलं, हाताकडे पाहिलं आणि खूप दिवसांनी त्याच्या तोंडून एक झकास शिवी स्पष्ट निघाली. वहिनी स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत धावत आली. तिला वाटलं काय झालं!

त्यानंतर घराची कळाच पालटली. दादा उठला की रिमोट मागायचा. खुर्च्यांच्या पायांमधून ट्रक काढायचा. बुटांचा रिकामा खोका भिंतीला लावून त्याचं गोदाम केलं आणि त्यात ट्रक मागे घ्यायला लागला. वहिनीला तो गेटवाल्याच्या जागी बसवायचा, "येऊ दे, येऊ दे" म्हणायला लावायचा. ती म्हणायची, "येऊ दे, येऊ दे, बस्स!" आणि ट्रक खोक्यात अचूक थांबायचा. एकदा तर वहिनी हसता हसता रडली. शेजारी म्हणाले, दादाचा हात परत आला. व्यायामवाल्या बाईसुद्धा म्हणाल्या, मूठ सुधारतेय. थोडी सुधारत होतीही, खोटं कशाला बोला. पण किती सुधारली आणि किती सेल्याने झाकली, हे एकट्या सेल्याला माहीत होतं.

एकदा त्याने धीर करून थोडं कमी केलं, अगदी चिमूटभर. त्या दिवशी ट्रक खोक्याच्या कडेला लागला आणि खोका लवंडला.  दादा दिवसभर हात मांडीखाली दाबून बसून राहिला. त्याला स्वतःच्या हाताची लाज वाटत होती, आणि ते बघणं सेल्याला झेपलं नाही. त्याने सगळं पुन्हा होतं तसं केलं, वर जरा जास्तच केलं. माया आंधळी असते म्हणतात, पण सेल्याची माया चांगली डोळस होती. तिने डोळे मिटून घेतले होते, एवढंच.

मग एके दिवशी तो दुकानातून आला तर दादा दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसलेला.

"मालकांना फोन केलाय. उद्या यार्डात जायचंय. तू पण चल."

"दादा, घाई होतेय रे. अजून थोडे दिवस."

"घाई? अरे, खोक्यात बोटभर जागा सोडून लावतोय मी. यार्डातली जागा त्यापेक्षा ऐसपैस आहे."

"हे खेळणं आहे, दादा."

दादा हसला. "आयुष्यभर मी हेच म्हणत होतो, आणि तू भांडत होतास." सेल्याच्या ओठांवर सगळं आलं होतं. पण वहिनीने त्याच वेळी दादाच्या कॉलरवरचा धागा काढला, मागे सरकून त्याच्याकडे बघितलं, आणि सेल्याच्या तोंडाला कुलूप लागलं. उद्या सकाळी सांगू, असं त्याने ठरवलं. सकाळी ठरवलं, वाटेत सांगू. वाटेत दादा सारखा बोलत होता.

यार्डात सगळे जमले होते. मालकांनी स्वतः चावी आणून दिली. गेटवाल्याने दादाला मिठी मारली, डोळे पुसले आणि भिंतीपाशी जाऊन आपल्या खुर्चीत बसला. मालक म्हणाले, "अरे, आज जरा बाजूला बस." तो म्हणाला, "दादा आहेत ना." आणि त्याने डबा उघडला.

दादा डाव्या हाताने दांडा धरून वर चढला. उजवा पाय मागे राहिला, तो त्याने पँटला धरून आत ओढून घेतला. सेल्याने ते पाहिलं. पाहिलं आणि सोडून दिलं, कारण त्याचा सगळा जीव दादाच्या हातात अडकला होता. हात थरथरेल, स्टिअरिंग भरकटेल, गाडी खांबाला घासेल, एवढीच त्याची भीती होती.

गाडी मागे यायला लागली. जरा डावीकडे ओढली गेली, पण दादाने सावरलं. डाव्या हाताने उजव्याला सांभाळून घेत त्याने ते धूड जागेच्या तोंडाशी आणून सरळ केलं. गडी खरंच जुना जाणकार होता.  सेल्याला क्षणभर वाटलं, आपल्याला काही सांगावं लागणारच नाही.

"येऊ दे, येऊ दे," मालक हात हलवत होते. "येऊ दे... बस्स!"

गाडी थांबली नाही.

"बस्स! दादा, बस्स!"

इंजिनाचा आवाज उलट वाढला. गेटवाला घास हातात तसाच धरून बघत होता, दादा थांबणारच म्हणून. शेवटी मालकांनी त्याच्या दंडाला धरून त्याला असं हिसडलं की दोघंही जमिनीवर पडले. डावा पाय क्लचवर गेला तोवर भिंत आली होती. खुर्ची मोडल्याचा आवाज झाला, डबा चेपला आणि वरच्या विटा खाली आल्या.

दादा खाली उतरला नाही, त्याला उतरवावं लागलं. उजवा पाय अजून अ‍ॅक्सिलरेटरवरच होता. सेल्याने तो दोन्ही हातांनी उचलून बाजूला केला. तो हातात घेतल्यावर सेल्याला सगळं कळलं. इतके दिवस त्या निळ्या ट्रकला पळवत आणि थांबवत होतं ते दादाचं डावं बोट, धडधाकट बाजूचं. उजव्या पायाला कुणी काही विचारलंच नव्हतं. आयुष्यभर प्रत्येक ट्रकला शेवटची परीक्षा घेतल्याशिवाय ज्याने टेबलावरून उतरवलं नाही, त्याने सख्ख्या भावाला परीक्षेशिवाय उतरवलं होतं.

गेटवाल्याचं खरचटण्यावर निभावलं. तो दादाजवळ आला, खाली वाकला, चेपलेला डबा उचलला आणि गेटकडे गेला. मालकांनी दादाच्या खांद्यावर हात ठेवला आणि दुसऱ्या हाताने चावी आपल्या खिशात टाकली. रागावले असते तर बरं झालं असतं.

घरी दादा पलंगावर बसला. वहिनीने पाणी दिलं, ते तसंच राहिलं. मग तो म्हणाला, "सेल्या, ट्रक आण."

सेल्याने आणला. ठोकळाही आणला.

"ठोकळा राहू दे. ह्यात तू काय करून ठेवलं होतंस?"

सेल्याने सांगितलं. थरथर ट्रकपर्यंत पोचूच दिली नव्हती हे सांगितलं, एकदा कमी करून परत वाढवलं तेही सांगितलं. सांगताना त्याचा आवाज गिऱ्हाइकाशी बोलताना असायचा तसा कोरडा झाला, कारण दुसऱ्या कुठल्या आवाजात ते बाहेरच आलं नसतं. वहिनी ऐकत होती. "भावजी," ती म्हणाली, "अहो, निदान मला तरी सांगायचंत."

"सगळं काढून टाक," दादा म्हणाला.

काढून टाकल्यावर ट्रक निघाला, झोकांडी खाऊन पलंगाच्या पायावर आपटला आणि आडवा झाला. पहिल्या दिवसापेक्षा थोडा बरा गेला होता, पण थोडाच. दादाने तो तसाच पडू दिला.

"म्हणजे मी ठोकळ्यावरच होतो," तो म्हणाला. "चाकं फिरत होती नुसती."

"दादा, मला वाटलं..."

"गेटवाला मेला असता रे. हातात घास होता त्याच्या."

सेल्या खाली मान घालून उभा राहिला. दादाने त्याला मारलं असतं तर त्याने मार खाल्ला असता. पण दादाच्या आवाजात राग नव्हताच. कशासाठी रागवायचं तेच उरलं नव्हतं. तो पलंगाच्या कडेला सरकला, उजवा पाय जमिनीवर सरळ ठेवला आणि म्हणाला, "मी उचलत होतो, सेल्या. खरंच उचलत होतो. मालक बस्स म्हणाले आणि मी पाय उचलला. मला वाटलं उचलला. इथे ये. हात घाल खाली."

सेल्या खाली बसला. त्याने आपला तळहात दादाच्या पावलाखाली सरकवला. पाऊल गार होतं, आणि सगळा भार टाकून त्याच्या बोटांवर बसलं होतं.

"आता उचलतो. खरं सांग." दादाच्या कपाळाची शीर फुगली. "उचलला?"

सेल्याने वर पाहिलं. दादा त्याच्याकडे बघत होता, ट्रक पहिल्यांदा सरळ गेला त्या दिवशी रिमोटकडे बघितलं होतं तसं. हो म्हणायला फक्त एक शब्द लागत होता. वहिनी दारात उभी होती.

"नाही, दादा."

"थांब. आता?"

"नाही."

"आता?"

तळहातावरचं वजन तसूभरही कमी झालं नव्हतं. सेल्याला रडू आवरेना, पण हात त्याने काढला नाही.

"नाही, दादा," तो म्हणाला. "नाही उचलला."